विहिणीच्या हातातला पहिला ग्लास

९ मार्च २०२५

चि. पिंकी,

आशीर्वाद आहेतच, ते काही मी अडवून धरलेले नाहीत.

फोन सोडून पत्र का, असं तुला वाटेल. तुझा मोबाईल दिवसभर आकांक्षाच्या हातात असतो, आणि तिचा फोन तुमच्या घरी कायम स्पीकरवर. माझ्या पोटच्या पोरीशी बोलताना मधूनच तुझं हसू ऐकू येतं. काल मी तिला विचारलं, जेवलीस का, तर उत्तर तूच दिलंस. म्हणून हा कागद. इथल्या पोस्टात पाकीट मागितलं तर तिथला माणूस म्हणाला, "काकू, कोर्टाचं काही काम हाय का?" मी म्हटलं, तसंच समजा.

तर परवाच्या कार्यक्रमाबद्दल. पाहुणे मुलगी पाहायला तुझ्या घरी येणार, हे मीच कबूल केलं होतं. शिवमचं घर अमरावतीत, आकांक्षा दोन वर्षांपासून तुझ्याकडे राहून शिकते, मग उन्हातान्हात त्या लोकांना आमच्या गावापर्यंत कशाला आणायचं, असं ह्यांचं म्हणणं पडलं. मलाही पटलं. आमची बस मूर्तिजापूरच्या पुढे बंद पडली, त्यातही तुझा काही दोष नाही. एवढं मी मोठ्या मनानं मान्य करते.

पण मी तुझ्या दारात आले तेव्हा काय पाहिलं? तुझ्या हातच्या सरबताचे ग्लास रिकामे झालेले. शिवमची आई, त्या कौशल्याबाई, दुसरा ग्लास हातात घेऊन सोफ्यावर ऐसपैस बसलेल्या. आकांक्षा तुझ्या शेजारी, आणि तुझा हात तिच्या पाठीवर. कौशल्याबाई म्हणत होत्या, "पोरगी आईवरच गेली हो. नाकडोळे पाहा, अन् हाताची चव पाहा." आणि हे सगळं त्या तुझ्याकडे पाहून बोलत होत्या, पिंकी.

तू त्यांची चूक सुधारलीस, नाही म्हणत नाही. "नाही जी, मी मावशी. आई हे काय, आली पाहा," असं म्हणालीस. पण कधी? मी चपला काढल्या, पदर सावरला, आत येऊन तुमच्यासमोर उभी राहिले, त्यानंतर. त्याआधी तू ते कौतुक तसंच अंगावर घेतलंस. मी दारातून पाहत होते. तू लाजलीस. नव्हते लाजले, असं म्हणून दाखव पाहू.

परतीच्या बसमध्ये हे खुशीत होते. पोराला नोकरी चांगली, घर चांगलं, मागणं काही नाही. मला म्हणाले, "सगळं जमून आलं, तं तू काहून तोंड पाडून बसली?" मी सांगितलं, पोट दुखतंय.

आणि आज सकाळी तुझ्या लाडकीचा मेसेज. "आई, लग्नात वऱ्हाडाचं सरबत मावशीच करेल. सासूबाईंनी मुद्दाम सांगितलंय." अजून साखरपुडा नाही आणि सासूबाई!

आमच्या घरची रीत तुला माहीत नसेल तर सांगते. वऱ्हाड मांडवात उतरलं की सरबताचा पहिला ग्लास विहिणीच्या हातात मुलीच्या आईनं द्यायचा, आणि ते सरबत तिनंच केलेलं असायचं. माझ्या सासूबाईंनी माझ्या दोन्ही नणंदांच्या लग्नात दिला. आकांक्षा पाळण्यात होती तेव्हा त्या मला म्हणाल्या होत्या, "आता तुही पाळी." तेव्हापासून मी त्या एका ग्लासाची वाट पाहते आहे. तो मी कोणाला देणार नाही.

तेव्हा तू स्वतः कौशल्याबाईंना फोन कर आणि सांग की सरबत ताई करेल. आकांक्षा चार दिवस तुझ्याकडे राहिली म्हणून ती काही

पुढची ओळ खोडली आहे. उजेडात धरून वाचायचा प्रयत्न करू नकोस.

शालूताई


२ एप्रिल २०२५

चि. पिंकी,

तुझा निरोप मिळाला. मोबाईलवर तू जे बोलून पाठवलंस ते मी ऐकलं नाही. खरं म्हणजे दोनदा ऐकलं. तू रडवेल्या आवाजात "ताई, मी सांगून पाहते," म्हणालीस, आणि सांगूनही पाहिलंस. त्याचं उत्तर घेऊन आकांक्षा स्वतः इथे आली. लग्नाचे कपडे घ्यायला अकोल्याला जायचं होतं, तेवढ्यात आईकडेही दोन दिवस.

आल्या आल्या म्हणाली, "आई, लग्नाच्या दिवशी तू पाहुन्यायशी बोलशीन का लिंबं पिळत बसशीन? करू दे ना मावशीले. तिले काही तं करू दे." हे शेवटचं वाक्य तिला कोणी शिकवलं, मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी तिच्यासाठी सरबत केलं. तुला वाटेल काही दाखवायला केलं. केलंच दाखवायला. विहिरीचं ताजं पाणी काढलं. साखर आधी पूर्ण विरघळू दिली, मग गाळणीवर लिंबं पिळली, एक बी आत जाऊ दिली नाही. आई शिकवायची तसं साल दाबायचं नाही, अर्धं लिंबू दोनदा वळवायचं आणि सोडून द्यायचं, शेवटच्या थेंबाचा लोभ धरला की कडू होतं. जिरं तिथल्या तिथे भाजून कुटलं. तू जे करतेस तेच सगळं. आपण दोघी माहेरी, चांदूर बाजारच्या एकाच ओट्यावर बसून हे शिकलो, आणि तुला मीच शिकवलं, कारण आईला तुझ्या अंगावर लिंबाचा रस उडालेला चालत नसे. तू धाकटी, नाजूक. तुझे फ्रॉक पांढरे आणि माझे घरी शिवलेले.

आकांक्षानं अर्धा ग्लास पिऊन खाली ठेवला. "छान झालं," म्हणाली. थोड्या वेळानं म्हणाली, "मावशीचं जरा मोकळं लागते."

मोकळं! सरबत मोकळं कसं लागतं, सांग मला. उरलेला अर्धा ग्लास मी नालीत ओतला. मग ह्यांना करून दिलं, तर हे पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "चांगलं हाय." मी म्हटलं, पाहून सांगा. तर म्हणतात, "शालू, तू सरबत करून राहिली का भांडण?"

एक गोष्ट मात्र लक्षात ठेव. तुझ्या हातात काही जास्तीचं नाही. ते मोकळं का लागतं, कशामुळे लागतं, हे मला पक्कं माहीत आहे. तुला सांगणार नाही.

आणि खरं सांगू, सरबताचं एवढं नाहीच. ती इथे होती दोन दिवस, पण बोलताना "माझी खोली" म्हणाली ती तुमच्या घरची. "घरी गेल्यावर फोन करते," असं मला म्हणाली, माझ्याच घराच्या अंगणात उभी राहून. केस विंचरायला बसली तर मी भांग पाडला आणि ती म्हणाली, असा नाही, मावशी बाजूला पाडते. मी तिची वेणी वीस वर्षं घातली. मला जळायला होतं, पिंकी. सरळ लिहिते. तुझ्या घरात तिचा आवाज दिवसभर असतो आणि माझ्या घरात ह्यांचा पेपर.

अकोल्यात तिनं स्वतःच्या साडीआधी तुझी साडी निवडली. मोरपंखी. तुला शोभेल, त्यातच तर सगळं आलं. माझी साडी तिनं "तू पाहा ना आई, तुले जे आवडते ते" म्हणून माझ्यावर सोडली.

ललितरावांना नमस्कार. नांदगाव पेठच्या त्यांच्या कंपनीत लग्नासाठी रजा मिळते की नाही, कळव.

ताई


२१ एप्रिल २०२५

चि. सौ. पिंकी,

अनेक उत्तम आशीर्वाद.

माझा राग गेला. मी विचार केला, एवढ्या मोठ्या कार्यात दोघी बहिणींनी सरबतावरून तोंडं फिरवायची म्हणजे लोकांना हसायला कारण. आकांक्षाची इच्छा आहे, कौशल्याबाईंची इच्छा आहे, तर वऱ्हाडाचं सरबत तूच कर. पहिला ग्लास मी देईन, तेवढी रीत राहू दे.

तयारीची काळजी करू नकोस. लिंबं आम्ही अकोल्याच्या बाजारातून आणतो, पातळ सालीची, पिवळी धमक. साखर आहे. सरबत कालवायला मोठा गंज भाड्यानं सांगितला आहे. पिण्याच्या थंड पाण्याचे जार येणार आहेत, पण ते पंगतीपुरते. सरबताला घरच्याच विहिरीचं पाणी घेऊ. आमच्या अंगणातली विहीर, तू पाहिलेलीच आहे. पाणी भरपूर आहे, एप्रिलमध्येसुद्धा.

तू तुझ्या पद्धतीनं कर. मागे फोनवर मी मुद्दाम विचारलं होतं ना, तुझं मीठ किती, जिरं किती? तू सांगितलंस, मोठ्या भांड्याला एक मूठ मीठ, तेव्हाच चव उघडते. बरोबर आहे. अगदी तसंच कर. आमच्याकडे आलीस म्हणून त्यात चिमूटभरही बदल करू नकोस.

लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारपर्यंत ये. तुझ्यासाठी वरची खोली रिकामी करून ठेवली आहे, पंखा नवीन बसवला.

तुझीच,
ताई


१२ मे २०२५

पिंकी,

लग्न होऊन चार दिवस झाले. मांडव सुटला, भाड्याची भांडी गेली, अंगणात नुसत्या खुंट्यांच्या खळ्या राहिल्या. तू फोन उचलत नाहीस. ललितराव उचलतात आणि म्हणतात, "झोपली हाय." सकाळीही झोपलेली, संध्याकाळीही झोपलेली. मग पुन्हा कागदच.

जे झालं ते मी लिहिते. मी ते विसरले किंवा गावात वेगळंच सांगत फिरते, असं तुला वाटायला नको.

वऱ्हाडाच्या गाड्या दर्यापूर सोडून निघाल्याचा फोन आला आणि तू मागच्या पडवीत पाटावर बसलीस. मोरपंखी साडीचा पदर खोचलेला. साखर तू आधीच हलवून ठेवली होतीस. भराभर लिंबं पिळायला लागलीस, आणि आमच्या गावच्या सगळ्या बाया काम सोडून तुझ्याभोवती. माझी जाऊ रुख्मिणी म्हणाली, "पाहा वं माय, अमरावतीचा हात." मी दाराशी बसून ताटांमध्ये पानसुपारी लावत होते. तुझा हात दिसेल इतक्या जवळ. तू जिरं टाकलंस. मग मिठाची पुडी फोडलीस आणि मूठ भरलीस.

आमच्या विहिरीचं पाणी खारं आहे, पिंकी. हा सगळा खारपाणपट्टा. पिण्याला नळाचं पाणी येतं, पण सरबत, ताक, पन्हं या घरात विहिरीच्या पाण्याचंच करतात, आणि त्यात मीठ कोणी घालत नाही. लग्न होऊन आले त्या उन्हाळ्यात मी आईसारखंच मीठ घातलं होतं. सासऱ्यांनी घोट अंगणात थुंकला आणि म्हणाले, "सूनबाई, आमच्या पान्यात मीठ देवानंच टाकून ठेवलं, तू कायले तरास घेते?" सगळं घर हसलं होतं, मी चुलीमागे जाऊन रडले होते. तू इथे इतक्यांदा आलीस, माझं सरबत प्यायलीस, तुला वाटलं असेल की मीही मीठ घालते. पाण्याची चव कोण पाहत बसतं?

तुझं सरबत मोकळं लागतं ते तुमच्या गोड पाण्यानं. आणि त्या पाण्याची सवय झालेली तुझी मूठ माझ्या विहिरीच्या पाण्यात पडणार, हे मी मागचं पत्र लिहितानाच ठरवलं होतं. राग गेला वगैरे सगळं खोटं. मी पत्र लिहिताना डोळ्यांसमोर पाहिलं होतं, कौशल्याबाई घोट घेतात, तोंड वाकडं करतात, ग्लास बाजूला ठेवतात आणि विचारतात, कोणी केलं हे? त्या चित्रात तू होतीस, त्या होत्या, मी होते. आकांक्षा नव्हती. लग्न तिचं, आणि ती कुठेच नव्हती.

तू मूठ उचललीस, मी सुपारीच्या ताटावरची मान वर केली नाही.

तेवढ्यात ती आली. अंगाला हळद, हातावर मेंदी, दोन्ही हात दूर धरून, तुझ्याकडे एक घोट मागायला. तिनं तुझी मूठ पाहिली आणि ओरडलीच, "मावशी, थांब! मीठ कायले टाकते? हे आपल्या विहिरीचं पानी हाय ना? आपल्या पान्याले मीठ नाही लागत!"

आपल्या विहिरीचं. आपलं पाणी. पिंकी, तुला काय सांगू, तेवढ्या एका क्षणात मला इतका आनंद झाला की मी ताट बाजूला ठेवून उठलेच. दोन वर्षं तुझ्याकडे राहिली, तरी पाणी आपलंच म्हणाली. मला वाटलं, जिंकले.

आणि मग तिनं माझ्याकडे पाहिलं. "आई, तू तं इथंच बसून हायेस. तू सांगतलं नाही मावशीले?"

सगळ्या बाया माझ्याकडे वळल्या. रुख्मिणीला पाणी माहीत, बाकीच्यांनाही माहीत, पण त्यांना वाटलं असेल, सख्खी बहीण आहे, हिनं सांगितलंच असेल. आकांक्षाच्या चेहऱ्यावर काहीतरी बदलायला लागलं होतं. ती हुशार आहे, आपल्या दोघींपेक्षा.

तू मूठ पुडीत सोडलीस. ओल्या तळव्याला चिकटलेलं मीठ त्या नव्या साडीला पुसलंस. आणि हसून म्हणालीस, "सांगतलं होतं ना तुह्या आईनं. दोनदा सांगतलं. मीच येडी, घाईत इसरली. जा तू आत, मेंदी खराब होईन."

बाया हसल्या. रुख्मिणी म्हणाली, लग्नघरात असं होतंच. आकांक्षा आत गेली. तू माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाहीस. पहिला ग्लास भरून ताटलीत ठेवलास, ताटली माझ्या हातात दिलीस आणि म्हणालीस, "ताई, वऱ्हाड आलं. जाय."

मी गेले. दिला ग्लास. कौशल्याबाईंनी घेतला, प्यायल्या, काहीतरी बोलल्या. काय बोलल्या ते मला आठवत नाही. आवडलं की नाही, तेही सांगता येणार नाही.

तुझा राग मला अजून येतो. हे वाचून तुला वाटेल मी सुधारले, तर तसं काही नाही. एवढं खोटं, इतक्या पटकन, इतकं हसत! तुझ्या जागी मी असते तर ती मिठाची पुडी सगळ्यांसमोर तुझ्या तोंडावर मारली असती. आणि तू? सरबत तुझं, पोरगी तुझी, आणि आता मोठेपणही तुझंच. माझ्यासाठी काही ठेवणार आहेस की नाही?

पाठवणीच्या वेळी ती आधी तुझ्या गळ्यात पडली. बराच वेळ. मी बाजूला उभी होते, कौशल्याबाई घड्याळ पाहत होत्या. मग माझ्याकडे आली. मला घट्ट धरलं, माझ्या खांद्यावर रडली, आणि कानाशी तोंड आणलं. म्हटलं, आता जे बोलेल ते फक्त माझं.

म्हणाली, "आई, मावशी सकाळपासून जेवली नाही. तिले जेवू घातल्याशिवाय जाऊ देऊ नको."

बस, एवढंच. माझ्या घरातून जाताना माझ्या पोरीचं मला शेवटचं बोलणं, आणि तेही तुझ्याबद्दल. तिला सगळं कळलं होतं. तुझ्या हसण्यावर बाया फसल्या, ती नाही फसली. तरी मला एका शब्दानं बोलली नाही, फक्त हे काम सांगून गेली. आणि गाडी वळणावरून दिसेनाशी होईपर्यंत मी तिथेच उभी राहिले. परत येऊन पाहते तर तू निघून गेलेली. ललितराव चहाही न घेता गेले, असं हे म्हणाले.

आकांक्षा रोज फोन करते. आवाज चांगला आहे, शिवम समजूतदार दिसतो. पण पहिल्या दिवसापासून तिचा एकच प्रश्न, "मावशी जेवून गेली होती ना?" मी म्हणते आवाज येत नाही, रेंज गेली. काल म्हणते, दूध उतू जातंय. आता आणखी काय सांगू?

तुमच्या घरी तिची ती खोली आता रिकामी असेल. माझ्याकडेही तेच आहे. मला वाटलं होतं तुझ्याकडे ती रिकामी झाली की मला बरं वाटेल. नाही वाटलं. हे मी खोडत नाही.

तेव्हा ये. मी प्रेमापोटी बोलावते आहे असा अर्थ काढू नकोस, पोरीनं काम सांगितलंय म्हणून बोलावते. वांग्याची भाजी करते, भाकरी टाकते, तुझ्यासमोर बसते, आणि ताट पूर्ण होईपर्यंत तुला उठू देत नाही. मग ती विचारेल तेव्हा मला हो, जेवली, एवढं म्हणायचं आहे आणि ते खरं असलं पाहिजे. तुझ्याइतकं चांगलं खोटं मला बोलता येत नाही.

शालू